घंगाळाला ‘व्हिंटेज बाऊल’ म्हणू नका

वाचकाचं पत्र: आमचं जांभळी नाक्याजवळ तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. गेल्या वर्षी वर्डप्रेसवर वेबसाइट केली. भाच्याने चांगल्या कॅमेऱ्याने ४३० फोटो काढून दिले. पण गूगलच्या इमेजेसमध्ये आमची एकही वस्तू दिसत नाही आणि साइट उघडायलाही फार वेळ लागतो. एका एजन्सीने ‘इमेज एसईओ’साठी ४०,००० रुपये सांगितलेत. ‘फोटोंमध्ये ठाण्याचं लोकेशन घालू, पहिल्या पानावर आणायची हमी,’ असं म्हणतात. नमुना म्हणून २० फोटोंचं काम करून दिलंय. साइटची आणि नमुन्यांची लिंक सोबत देते. पैसे द्यावेत का? नावं मराठीत लिहावीत की इंग्रजीत? सासऱ्यांची मदत मागितली तर म्हणतात, ‘हे कॉम्प्युटरचं काम, मला त्यात ओढू नका.’
– चरई, ठाणे

ताई,

आधी पैशांचं. ‘इमेज एसईओ’साठी, म्हणजे फोटो गूगलच्या शोधात वर आणण्याच्या कामासाठी, ४०,००० देऊ नका. तुम्ही पाठवलेले वीसही नमुने मी एकेक करून पाहिले. सातव्या फोटोत एक सुरेख घंगाळ आहे, दोन्ही बाजूंना कड्या, काठावर ठोक्यांची नक्षी. त्याला एजन्सीने नाव दिलंय ‘व्हिंटेज ब्रास बाऊल ठाणे बेस्ट प्राइस ब्रास बाऊल ऑनलाइन’. आणि ते घंगाळ तांब्याचं आहे! ज्याने हे लिहिलं त्याने ती वस्तू कधी हातात घेतलेली नाही, तिच्यातून आंघोळीचं पाणी घेतलेलं नाही, फोटोकडेही धड पाहिलेलं नाही. तुमचं खरं काम तिथूनच सुरू होतं, म्हणून मी त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बाकीचं तांत्रिक काम चार-सहा दिवसांचं आहे आणि ते तुमचा भाचा करू शकेल.

गूगलला फोटो कसा कळतो ते बघा. फोटोत काय आहे हे ओळखणारी यंत्रणा त्याच्याकडे आहे आणि ती दरवर्षी हुशार होतेय. पिवळ्या धातूचं गोल भांडं तिला दिसतं. पण ते सतेलं आहे, तपेलं आहे की वेळणी, हे तिला शब्दांतूनच नीट समजतं. फोटोला जोडलेला पर्यायी मजकूर (चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी वाचायचं वर्णन), फोटोच्या आसपासचं लिखाण, पानाचं शीर्षक, फोटोखालची ओळ आणि थोड्या प्रमाणात फाइलचं नाव, एवढ्यांवरून ती अंदाज बांधते. तुमच्या ४३० फोटोंपैकी बहुतेकांना पर्यायी मजकूरच नाही, आणि फाइलची नावं कॅमेऱ्याने दिलेली आहेत, ‘डीएससी’ आणि पुढे चार आकडे. मग ‘लामणदिवा’ शोधणाऱ्या माणसाला गूगलने तुमचा लामणदिवा दाखवावा तरी कशाच्या आधारावर?

आठवडाभर गल्ल्याजवळ एक वही ठेवा. गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर ज्या शब्दात वस्तू मागतं, तो शब्द जसाच्या तसा वहीत उतरवा, सुधारू नका. नौपाड्यातल्या आजी ‘पळी-पंचपात्र’ मागतील. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतीत राहायला आलेलं जोडपं ‘फुलं तरंगत ठेवायचं भांडं’ म्हणेल, किंवा ‘उरळी’ म्हणेल, कारण त्यांनी ते केरळी घरात पाहिलंय. कुणी ‘शंखाखाली ठेवायची तिवई’ म्हणेल, त्यावर तुमचे सासरे ‘अडणी म्हणा’ असं सांगतील. हे दोन्ही शब्द वहीत हवेत. एजन्सी ज्याला कीवर्ड रिसर्च म्हणते आणि ज्याचे वेगळे पैसे लावते, ते हेच. तुमच्या दुकानात ते रोज तोंडी चाललेलं असतं.

वही भरली की पर्यायी मजकूर लिहायला घ्या. वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत फोटोवर क्लिक केलंत की ‘ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट’ नावाची चौकट दिसते, तीच ही. फोनवर बोलताना समोरच्याला वस्तू समजावून सांगतो तसं एक वाक्य त्यात लिहायचं. ‘मोराची आकृती असलेली १८ इंची पितळी समई, पाच वाती’. ‘कल्हई केलेलं पितळी पातेलं, झाकणासह, आतली बाजू दिसते आहे’. ‘तांब्याचं घंगाळ, दोन कड्या, काठावर ठोक्यांची नक्षी’. एवढं पुरे. ‘चा फोटो’ लिहायची गरज नाही. ‘समई ठाणे, स्वस्त समई, बेस्ट समई’ अशी माळ तर अजिबात ओवू नका. अशी शब्दांची भरती गूगल स्पॅम समजतं, आणि ते त्यांच्या मार्गदर्शनात उघड लिहिलेलं आहे. तुमच्या वीस नमुन्यांपैकी चौदांत ती आहे.

मला यातलं एक कारण गूगलपेक्षा मोठं वाटतं. हा पर्यायी मजकूर सर्च इंजिनसाठी जन्माला आलेला नाही. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी तो आहे. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून १९९९ साली जे पहिले आंतरराष्ट्रीय निकष निघाले, त्यातला पहिलाच निकष हा होता. माझा एक मित्र दृष्टिहीन आहे, ठाण्यातच नोकरी करतो. फोनमधल्या टॉकबॅकवर तो सगळं ऐकून करतो, मराठीतही. आईला देवघरासाठी निरांजन घ्यायचं म्हणून तो एका साइटवर गेला होता. फोनने त्याला वाचून दाखवलं, ‘डीएससी शून्य चार एक सात, इमेज. डीएससी शून्य चार एक आठ, इमेज.’ पंधरा वेळा. शेवटी त्याने फोन खिशात टाकला. तुमच्या साइटवर आज त्याला हेच ऐकू येईल. तुम्ही लिहिलेलं एक वाक्य त्याच्यासाठी ते निरांजनच असणार आहे, म्हणून ते लिहिताना तो समोर उभा आहे असं धरा. गूगललाही तेच वाक्य उपयोगी पडतं.

नुसती शोभेची चित्रं असतील, म्हणजे पानाच्या कडेची वेलबुट्टी वगैरे, तर तिथे पर्यायी मजकूर रिकामा सोडा. ती वाचून दाखवण्यात कुणाचाच फायदा नाही.

आता मराठी की इंग्रजी? पान ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत पर्यायी मजकूर. तुमची पानं मराठी आहेत, तेव्हा मजकूर मराठीत, देवनागरीत. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत लिहा, मराठीच शब्द, फक्त लिपी रोमन. यामागे एक साधं कारण आहे. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘समई’ या तीन अक्षरांची २७ होतात, ‘निरांजन’ची तर ६३. ते चुकीचं नाही, गूगलला वाचता येतं. पण कुणी ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसते आणि लोक घाबरून ती उघडत नाहीत. फाइलच्या नावात शब्दांमध्ये आडवी छोटी रेघ टाका, खालची रेघ नको. ‘पितळी-समई-मोर-१८-इंच’ असं, रोमनमध्ये.

रोमनचा आणखी एक उपयोग आहे. पुष्कळ मराठी माणसं मराठी शब्दच शोधतात, पण इंग्रजी कळफलकावर. आणि ‘ळ’ तिथे नसल्याने घंगाळ, उरळी, कळशी यांची स्पेलिंगं प्रत्येकाची वेगळी. म्हणून वस्तूच्या पानावर, वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांत, मराठी नावाशेजारी एकदा रोमनमधलं नाव आणि एकदा साधं इंग्रजी वर्णन येऊ द्या. एकदाच. घंगाळाच्या पानावर ‘काही लोक यात पाणी भरून फुलं आणि दिवे तरंगत ठेवतात, दक्षिणेकडच्या उरळीसारखं’ असं एक खरं वाक्य लिहिलंत, की वहीतला तो जोडप्याचा शब्दही आपोआप जागेवर बसतो. ओढूनताणून काही कोंबावं लागत नाही.

साइट हळू का, हे बघायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. भाच्याने कॅमेऱ्यातून निघालेले फोटो तसेच चढवलेत. ६००० बाय ४०००, एकेक फोटो आठ-आठ एमबीचा. समयांच्या पानावर बारा फोटो आहेत, म्हणजे जवळपास १०० एमबी. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून कुणी ते पान उघडलं, तर कल्याण गाडी येऊन जाईल पण समई दिसणार नाही. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, आणि तीसुद्धा शंभरातल्या निदान ७५ भेटींत, असा गूगलचा निकष आहे. दुकानाच्या पानावर ती सगळ्यात मोठी गोष्ट बहुतेक वेळा फोटोच असते.

फोनच्या पडद्याला १२०० ते १६०० पिक्सेल रुंदी भरपूर होते. वस्तू झूम करून बघता यावी म्हणून १६०० ठेवा. फोटो वेबपी या प्रकारात साठवा. गूगलने तो २०१० साली आणला, आणि त्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा तो साधारण २५ ते ३४ टक्के लहान होतो असं त्यांच्याच मोजमापात आलंय. सगळे आजचे ब्राउझर तो दाखवतात आणि वर्डप्रेस २०२१ पासून तो स्वीकारतं. दर्जा शंभरपैकी ७५ ते ८० च्या आसपास ठेवा. पितळेवर चकाकीचे हलके पट्टे असतात. दर्जा फार खाली नेला की ते पायऱ्या-पायऱ्यांसारखे तुटक दिसतात आणि भांडं प्लास्टिकचं वाटायला लागतं. म्हणून आधी पाच-सहा फोटो ‘स्क्वूश’ या मोफत साइटवर करून बघा. तिथे आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी दिसतो, शिवाय फोटो तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जातच नाही. दर्जा ठरला की ४३० फोटो एकदम करायला भाच्याला ‘इमेजमॅजिक’ हा प्रोग्राम वापरायला सांगा, तेही मोफत आहे. बहुतेक फोटो १०० ते २०० केबीत बसतील.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवत असाल तर मात्र थांबा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो आधीच दाबतं. त्यावर पुन्हा दाबला की धुरकट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

नाहीतरी फोटो नव्याने चढवायचेच आहेत, तर त्याच वेळी फाइलची नावं बदला. वर्डप्रेस चढवून झालेल्या फाइलचं नाव सहजी बदलू देत नाही, म्हणून हा क्रम पाळा: आधी आकार लहान, मग नाव, मग चढवणं. पुढे कधी फोटो गूगलमध्ये दिसायला लागले, तर निव्वळ हौस म्हणून त्यांची नावं बदलू नका. गूगल फोटोंकडे पुन्हा फिरकायला पानांपेक्षा जास्त वेळ लावतं आणि मिळवलेली जागा मधल्यामध्ये जाते. वस्तूंच्या पानांवरचा पर्यायी मजकूर लायब्ररीत बदललात की तिथेही बदलतो, पण लेखांत आधीच टाकलेल्या चित्रांचा बदलत नाही, ती एकेक उघडावी लागतात.

एक सेटिंग तपासा. पान खाली सरकवल्यावरच फोटो उतरवायचा, ही सोय वर्डप्रेसमध्ये २०२० पासून आपोआप असते आणि ती चांगलीच आहे. पण तुमच्या थीमने ती पहिल्या, सगळ्यात वरच्या फोटोलाही लावलीय. समोर दिसणाऱ्या फोटोला थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही, तो त्यातून वगळा. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली असू द्या, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही.

आता तुमचं मुखपृष्ठ. तिथले पाच मोठे बॅनर फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेत ना? दिसतायत सुंदर, पण ‘दसरा-दिवाळी खास समया’, पत्ता, वेळ, सगळं चित्राच्या आत आहे. चित्रातली अक्षरं माझ्या मित्राच्या फोनला नीट वाचता येतीलच असं नाही, लहान पडद्यावर ती मुंगीएवढी होतात, आणि गूगलचंही म्हणणं आहे की महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका. शिवाय हे बॅनर पानाची पार्श्वभूमी म्हणून लावलेत. पार्श्वभूमीचे फोटो गूगल आपल्या इमेजेसमध्ये घेतच नाही. तुमचे सगळ्यात देखणे फोटो अशा जागी आहेत जिथून ते कुणालाच सापडणार नाहीत. ते साध्या चित्रासारखे लावा आणि अक्षरं खरी अक्षरं म्हणून त्याखाली टाईप करा.

प्रत्येक फोटोवर मधोमध तिरका मोबाइल नंबर छापलाय, त्याचंही बोलते. फोटो चोरले जातात ही तुमची भीती खरी आहे. पण तो नंबर थेट समईच्या मोरावर येतो. उद्या गूगलच्या शॉपिंग विभागात वस्तू मोफत दाखवायची ठरवलीत, तर असे शिक्के असलेले फोटो तिथे चालत नाहीत. आणि आता लोक शब्दांनीच शोधतात असंही नाही. गूगल लेन्सवर महिन्याला जवळपास २००० कोटी शोध होतात, असं गूगलने २०२४ मध्ये सांगितलं. गावच्या घरात माळ्यावर सापडलेल्या बंबावर कुणीतरी फोन धरतो आणि ‘असाच कुठे मिळेल’ म्हणून बघतो. तुमच्या बंबाचा फोटो साफ असेल, मागे साधा कापडी पडदा असेल, समोरून, बाजूने आणि तोटीचा जवळून असे तीन फोटो असतील, तर तो तुमच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. नंबर पानावर ठेवा, भांड्यावर नको.

(पितळ आरशासारखं सगळं दाखवतं. दोन फोटोंत भाच्याचा निळा टी-शर्ट कळशीच्या पोटात दिसतोय. खिडकीवर पांढरी चादर लावून तिच्या उजेडात काढायला सांगा, फ्लॅश बंद ठेवून.)

एजन्सीची ‘हमी’. गूगलने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो त्याच्याकडे पुढचं ऐकू नका. फोटोत ठाण्याचं लोकेशन भरण्याचं तर विसराच. तुम्ही ठाण्यात आहात हे गूगलला तुमच्या पानावर नीट टाईप केलेल्या पत्त्यावरून आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून कळतं, आणि ते प्रोफाइल मोफत आहे. उलट घरी मोबाइलने काढलेल्या काही फोटोंत आधीच लोकेशन आहे. मी उघडून पाहिलं तर ते दुकानाचं नाही, जवळच्याच एका राहत्या इमारतीचं निघालं. मला वाटतं तुमच्या घराचं असावं. ते आजच काढून टाका. फोटोंबरोबर घराचा पत्ता जगाला देण्याचं काही कारण नाही. इमेजमॅजिकने फोटो करताना ही माहिती पुसण्याचा पर्याय असतो, भाच्याला तो वापरायला सांगा.

किंमत आणि ‘शिल्लक आहे की नाही’ ही माहिती गूगलला समजेल अशा रचनेत द्यावी लागते. तुम्ही वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन) वापरता, ते हे काम बरंचसं स्वतःच करतं. तुमच्याकडून फक्त किमती भरलेल्या हव्यात. ६० वस्तूंपुढे ‘फोन करा’ लिहिलंय, ते बदला. आणि प्रत्येक वस्तूला तिचं स्वतःचं पान द्या. आत्ता सगळे लामणदिवे एकाच गॅलरीत आहेत. फोटो गूगलमध्ये वर येतो तो त्याच्या पानासकट, त्यामुळे नुसत्या गॅलरीतल्या फोटोला आधारच नसतो.

गूगलचं सर्च कन्सोल सुरू करा. साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं हे साधन मोफत आहे. त्यात शोधाचा प्रकार ‘इमेज’ निवडला की कोणत्या शब्दांनी तुमचे फोटो दिसले ते कळतं. दोन महिने काही दिसलं नाही तरी घाबरू नका. फोटो नोंदले जायला आठवडे लागतात, म्हणून दिवाळीच्या वस्तू गणपतीच्या आधीच साइटवर चढलेल्या असाव्यात. दरवर्षी नवं पान न करता तेच पान, तेच फोटो ठेवा, किमती तेवढ्या बदला.

राहिले सासरे. त्यांना तुम्ही ‘इमेज एसईओ’ म्हणून बोलावलंत तर ते येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवूच नका. रोज रात्री दुकान बंद करताना दहा वस्तू काउंटरवर मांडा आणि विचारा, ‘बाबा, याला काय म्हणतात? हे कशाला वापरायचे? घडणीचं आहे की साच्यातलं?’ त्यांना बोलू द्या, तुम्ही वहीत लिहा. दिवसाला दहा धरल्या तर फार तर ४३ दिवस. ‘गडू’ आणि ‘तांब्या’ यांत फरक काय, हे मला स्वतःलाही नीट सांगता येणार नाही, त्यांना येईल. एजन्सीकडे सगळं असलं तरी हे नसणार.

पहिल्या रात्री तो साखळीचा दिवा घ्या, साखळीवर हत्ती असलेला. तुमच्या साइटवर आज त्याचं नाव ‘हँगिंग लॅम्प ३’ आहे.